हवा भरलेल्या वस्तूंची पकड : प्रस्तावना

यंत्रमानवाच्या हातावरची बहुतेक पाठ्यपुस्तके धातूच्या ठोकळ्यापासून सुरू होतात. ठोकळ्याच्या कडा सरळ असतात, वजन ठाऊक असते आणि कितीही दाबला तरी तो आपला आकार सोडत नाही. बोटे कुठे टेकवायची, जोर किती लावायचा याची समीकरणे त्याच्यावर सुबक बसतात. या पुस्तकाची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली आहे. आपली पहिली वस्तू आहे पोहायला शिकणारी मुले कमरेला अडकवतात ती प्लॅस्टिकची, हवा भरलेली ट्यूब. ती हलकी असते, दाबली की दबते, सोडली की उसळते, उन्हात तट्ट फुगते आणि गारठ्यात मलूल पडते. तिची कड नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही, कारण हात लावताच ती कड सरकते. अशी वस्तू उचलून, फिरवून ठरलेल्या जागी ठेवणारा ग्रिपर घडवायचा म्हटले की पकडीच्या शास्त्रातले जवळजवळ सगळे मूळ प्रश्न एकेक करून पुढ्यात येतात. शिवाय प्रयोगाचे साहित्य खेळण्यांच्या कोणत्याही दुकानात मिळते आणि फुटले तरी फारसे बिघडत नाही. या विषयाच्या उंबरठ्यावर प्रथमच उभ्या असलेल्या वाचकाला आत घ्यायला यापेक्षा सोयीची वस्तू मला माहीत नाही.

पुस्तकभर एकच सूत्र धरले आहे, ते आधीच सांगून टाकतो. पकडीत मऊपणा कुठे ना कुठे लागतोच. तो हातात ठेवायचा, वस्तूकडून घ्यायचा की दोघांत वाटायचा, हा ग्रिपर घडवणाऱ्याचा पहिला निर्णय. दोन कठीण पृष्ठभाग एकमेकांना भेटतात तेव्हा ते मोजक्या बिंदूंवर टेकतात. अंदाज मिलिमीटरभर चुकला तर एक तर स्पर्शच होत नाही, किंवा काहीतरी चेपते. मऊपणा ही चूक पोटात घालतो. तो किती घ्यावा आणि कोणाकडून घ्यावा हे ठरले की मोटर, कप्पी, सेन्सर यांची निवड बरीचशी आपसूक होते.

हा निर्णय इतिहासात नेहमी जाणूनबुजून घेतला गेला असे नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला. जॉर्ज डेव्हॉल यांनी त्याची कल्पना मांडली होती आणि जोसेफ एंगलबर्गर यांनी ती बाजारात उतरवली. साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलणे हे त्याचे काम. तिथे हातही कठीण होता आणि वस्तूही. तरी निभावले, कारण प्रत्येक भाग दर खेपेला त्याच जागी, त्याच कोनात येईल अशी कारखान्याची मांडणीच केलेली होती. अनिश्चितता हाताने झेलायची नव्हती, ती दाराबाहेरच थोपवलेली होती. पुढची कितीतरी वर्षे उद्योगातल्या ग्रिपरचा विचार याच वळणाने चालला.

सिद्धान्ताचा पायाही कठीण वस्तूंवरच घातला गेला. जर्मन यंत्रशास्त्रज्ञ फ्रान्झ रूलो यांनी १८७५ च्या आपल्या ग्रंथात, एखादी वस्तू टेकूंनी पूर्ण जखडली गेली असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न घेतला. घर्षणाची मदत न घेता सपाट आकृती जखडायची तर किमान चार टेकू लागतात. घन वस्तूसाठी हा आकडा सात होतो. सोमोव यांनी १९०० मध्ये तो मांडला आणि १९७८ मध्ये के. लक्ष्मीनारायण यांच्या निबंधाने त्याला आधुनिक यंत्रशास्त्राच्या भाषेत आणले. या नियमाला एक अपवाद आहे आणि आपल्या दृष्टीने तोच मोलाचा. गुळगुळीत गोल चकतीला चार नव्हे, चाळीस टेकू लावले तरी ती जागच्या जागी फिरतच राहते. तिला रोखायला घर्षणच हवे. म्हणजे गोल ट्यूब हातात घेणारा माणूस पहिल्याच पावलाला टेकूंची भूमिती सोडून घर्षणाच्या प्रदेशात येतो.

माणसाच्या हाताचा अभ्यास याच सुमारास वेगळ्या वाटेने चालला होता. ब्रिटिश डॉक्टर जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडींची दोन मोठ्या गटांत विभागणी केली. एक मुठीची पकड, ताकदीची. दुसरी चिमटीची, नेमकेपणाची. त्यांचा खरा मुद्दा विभागणीच्या पुढचा होता. पकड कोणती हे वस्तूच्या आकारावरून ठरत नाही, तिचे पुढे काय करायचे आहे यावरून ठरते. बाटलीचे झाकण घट्ट बसलेले असते तेव्हा आपण ते मुठीत धरतो. सैल झाले की तेच झाकण चिमटीत येते. १९८४ मध्ये स्वीडनमध्ये रोलंड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग यांनी दाखवले की वस्तू उचलताना बोटे सटकण्याच्या मर्यादेपेक्षा जराच जास्त जोर लावतात, आणि पृष्ठभाग निसरडा आहे की खरखरीत हे ओळखून तो जोर क्षणार्धात बदलतात. माणसाच्या पकडीतले शहाणपण बरेचसे या काटकसरीत आहे.

दरम्यान यंत्राच्या हातातही मऊपणा येऊ लागला होता. १९७८ मध्ये तोक्योत शिगेओ हिरोसे आणि योजी उमेतानी यांनी अनेक सांध्यांची, तार आणि कप्प्यांवर चालणारी अशी बोटे बनवली की ती कोणत्याही आकाराला विळखा घालत आणि सगळीकडे सारखाच दाब देत. २०१० मध्ये शिकागो व कॉर्नेल विद्यापीठे आणि आयरोबॉट कंपनी यांच्या संशोधकांनी फुग्यासारख्या पिशवीत दळलेली कॉफी भरली. पिशवी वस्तूवर टेकवली की तिच्या आकाराची होते, आतली हवा ओढून घेतली की दाणे एकमेकांत अडकून घट्ट होतात आणि वस्तू उचलली जाते. त्यात बोटे नाहीत, सांधे नाहीत. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सिलिकोन रबराचा, हवेने फुगून वळणारा तारामाशासारखा हात केला आणि त्याने कच्चे अंडे उचलून दाखवले. या सगळ्या कामाची दिशा एकच : वस्तू कठीण किंवा नाजूक, म्हणून मऊपणा हाताने पुरवायचा.

याच २०११ साली अमेरिकेत शाळकरी मुलांपुढे नेमका उलटा प्रश्न टाकला गेला. तो या पुस्तकाचा कणा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापलेली फर्स्ट ही संस्था १९९२ पासून शालेय संघांच्या यंत्रमानवांची स्पर्धा भरवते. एमआयटीतले प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांचा तिच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. जानेवारीत खेळ जाहीर होतो आणि त्या काळी संघांना यंत्रमानव बांधायला सहा आठवडे मिळत. २०११ च्या खेळाचे नाव होते ‘लोगो मोशन’. संस्थेच्या बोधचिन्हात त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन आहेत. खेळातही तेच तीन आकार होते : लाल त्रिकोण, पांढरे वर्तुळ, निळा चौकोन, सगळ्या हवा भरलेल्या ट्यूब. त्या उचलून तीन ओळींतल्या खुंट्यांवर टांगायच्या. वरच्या ओळीला जास्त गुण, आणि बोधचिन्हाच्या क्रमाने तिन्ही आकार शेजारी लागले तर गुण दुप्पट. सामना सव्वादोन मिनिटांचा. त्यातले पहिले १५ सेकंद यंत्राने कोणाच्याही मदतीविना वागायचे. मैदान सुमारे १६ मीटर लांब आणि चालवणारी मुले एका टोकाला भिंतीआड उभी. पलीकडच्या टोकाला जमिनीवर पडलेली ट्यूब उचलताना आपला ग्रिपर तिच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेही डोळ्यांना धड कळत नाही.

आता वाचकाने क्षणभर स्वतःला त्या मुलांच्या जागी ठेवावे. पहिली कल्पना सुचते ती आकड्याची. ट्यूबला मधे भोक आहे, त्यात आकडा घालून उचलली की झाले. ती पडणार नाही हे खरे, पण ती आकड्यावर झुलत राहील. शिवाय जे भोक आपण अडवले तेच खुंटीला हवे आहे. भोकातून फुलणारी, आतून दाब देणारी बोटेही याच कारणाने बाद होतात, आणि तीन आकारांची तीन वेगळी भोके ही अडचण निराळीच. नेपियर यांचे म्हणणे इथे पुरते पटते : टांगायचे आहे, म्हणून भोक मोकळे हवे, म्हणून धरायचे ते बाहेरून. पुढची कल्पना हवेच्या दाबाने ओढून धरणाऱ्या कपाची. सपाट खोक्यावर तो उत्तम चालतो. पण वक्र, सुरकुतणाऱ्या, मधूनच जोडाची शिवण आलेल्या प्लॅस्टिकवर कपाची कड कुठेतरी उचलली जाते आणि हवा शिरते. तिसरी कल्पना दोन बोटांच्या चिमट्याची. चिमटा चालतो, पण त्याला ट्यूबच्या बरोबर दोन बाजूंना यावे लागते आणि मगच मिटावे लागते. दुरून, घाईत, आंधळेपणाने हे साधणे कठीण.

उरतो तो रोलरचा जबडा, आणि त्या हंगामात कितीतरी संघ याच उत्तराशी येऊन पोचले. वर एक आणि खाली एक असे दोन आडवे रोलर, दोघांवर घट्ट धरणारे रबरी आवरण, आणि दोघांतले अंतर ट्यूबच्या जाडीपेक्षा मुद्दाम कमी. रोलर आतल्या दिशेने फिरत ठेवायचे आणि यंत्र ट्यूबवर नेऊन आदळायचे. काठाचा कुठलाही भाग रोलरला शिवला की पुरे. पुढे रोलरच तिला आत ओढतात. नेमके कुठे आणि केव्हा मिटायचे हा प्रश्नच राहत नाही. त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन हे तीन आकारही जबड्यापुरते एकच होतात, कारण तिन्ही शेवटी वाकवलेली नळीच आहेत आणि जबड्यात जाते ती नळी. बाह्याकाराकडे पाहून तीन ग्रिपर सुचतात, छेदाकडे पाहिले की एक पुरतो. हे पाहण्याचे वळण अंगी लागावे म्हणून दुसऱ्या प्रकरणात बऱ्याच आकृत्या दिल्या आहेत.

रोलरच्या जबड्याला यश येते त्यामागचे गणित शालेय भूमितीच्या पलीकडचे नाही. सोयीसाठी रोलरच्या जागी सपाट फळी धरू. हवा भरलेल्या पातळ पडद्यावर ती दाबली तर फळीला मिळणारा जोर म्हणजे आतला जादा दाब गुणिले चिकटलेले क्षेत्रफळ. स्कूटरचे टायर जमिनीला जेवढे टेकते तेवढ्या जागेतून तिचे वजन पेलले जाते; हवा कमी झाली की टायर अधिक पसरून तेच वजन पेलते. ट्यूबचेही तसेच. नळीचा व्यास आणि दोन फळ्यांमधले अंतर यांतला फरक, म्हणजे आपण नळी जितकी दाबली तितके अंतर, घ्या. नळीचा घेर बदलत नाही असे धरले तर फळीला चिकटलेल्या पट्ट्याची रुंदी या फरकाच्या दीडपटीहून किंचित जास्त, नेमकी सांगायची तर π/2 पट, निघते.

उदाहरणादाखल आकडे धरू. नळीची जाडी २० सेंटिमीटर, फळ्यांमधले अंतर १६, म्हणजे दाबणे ४ सेंटिमीटर आणि पट्ट्याची रुंदी सुमारे ६.३ सेंटिमीटर. पट्टा १० सेंटिमीटर लांब धरला तर क्षेत्रफळ ६३ चौरस सेंटिमीटर. तोंडाने फुगवलेल्या ट्यूबमध्ये बाहेरच्यापेक्षा २ किलोपास्कल जादा दाब आहे असे मानू. मग प्रत्येक फळीला सुमारे साडेबारा न्यूटन जोर मिळतो. घर्षणाचा गुणांक ०.५ धरला तर दोन्ही बाजू मिळून साडेबारा न्यूटनपर्यंत वजन पेलता येते. ३०० ग्रॅमच्या ट्यूबचे वजन तीन न्यूटन. म्हणजे गरजेच्या चौपट पकड, आणि तीही जोर मोजणारा एकही सेन्सर न लावता. आता अंतरात एक सेंटिमीटर चूक होऊ द्या. जोर साडेनऊ होईल किंवा पावणेसोळा, आणि दोन्ही चालतील. धातूच्या ठोकळ्याबाबत एवढी चूक झाली असती तर ग्रिपर हवेतच मिटला असता किंवा काहीतरी मोडले असते. जोर आवरण्याचे काम इथे ट्यूबमधली हवाच करते. आपण फक्त अंतर ठरवतो. मऊपणा वस्तूकडून घेणे म्हणतो ते हे. वस्तूजवळ तो आयता असताना हातातही मऊ बोटे बसवली तर दोघेही वाकतात आणि ट्यूब कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच ताठ चौकटीतले दोन रोलर इथे महागड्या मऊ हातावर मात करतात.

जबड्याचा दुसरा गुण पकडल्यानंतर दिसतो. दोन्ही रोलरना वेगळ्या मोटर दिल्या तर दोघे मिळून चार गोष्टी करतात. दोघे आत फिरले की ट्यूब आत येते, बाहेर फिरले की बाहेर जाते, थांबले की धरून ठेवतात. एकाने आत आणि दुसऱ्याने बाहेर ओढले की ट्यूब जागच्या जागी कलते. जमिनीवर आडवी पडलेली ट्यूब खुंटीपुढे उभी करायला मनगटाचा वेगळा सांधा लागतोच असे नाही. काही संघांनी हे काम रोलरवरच सोपवले. हातातली वस्तू न सोडता तिची बाजू बदलणे हा यंत्रमानवशास्त्रातला अवघड प्रश्न समजला जातो. इथे तो दोन मोटरच्या दिशांवर सुटतो.

सोडणे हा पकडीचाच अर्धा भाग आहे, पण पुस्तकांत त्याला सहसा शेवटचा परिच्छेद मिळतो. दाबलेल्या ट्यूबमध्ये साठलेली ऊर्जा चिमटा उघडताच सुटते. ट्यूब उसळते आणि खुंटीच्या टोकावरून भलतीकडे जाते. रोलर उलटे फिरवून ती सावकाश बाहेर ढकलली तर ती शेवटपर्यंत ताब्यात राहते. म्हणून या पुस्तकात प्रत्येक ग्रिपरची परीक्षा दोनदा घेतली आहे, घेताना आणि देताना.

हवेचे आणखी दोन गुण नवशिक्याला चकवतात. पहिला तापमानाचा. आतला जादा दाब २ किलोपास्कल वाटला, तरी आतली हवा एकूण सुमारे १०३ किलोपास्कलवर असते. दुपारच्या ३० अंशांत फुगवलेली ट्यूब सकाळी १५ अंशांवर आली की हवा सुमारे पाच टक्के आक्रसते. हा फरक जादा दाबाच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे ट्यूब नुसती मऊ होत नाही, तिला सुरकुत्या पडतात. हाच हिशेब उलट दिशेने पाहायचा असेल तर कोकणातून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला नेलेली वेफर्सची पुडी पाहावी. सुमारे १,३५० मीटर उंचीवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो, म्हणून पुडी तट्ट होते. आत काहीच बदललेले नसते. पकडीला हवा तो दोन दाबांतला फरक, आणि मोठ्या आकड्यांतला छोटा फरक नेहमीच नाजूक असतो.

दुसरा गुण जडत्वाचा. नळी २० सेंटिमीटर जाड आणि कड्याचा मधला व्यास ७० सेंटिमीटर धरला तर आत जवळपास ७० लीटर हवा मावते, आणि तिचे वस्तुमान ८० ग्रॅमच्या पुढे जाते. वजनकाट्यावर ती जवळजवळ दिसत नाही, कारण बाहेरची हवा तिला तितकेच वर उचलते. पण यंत्राने झटका दिला की तिलाही हलवावे लागते, आणि भोवतालची थोडी हवाही सोबत ओढावी लागते. काट्यावर बेतलेला ग्रिपर म्हणून उभे असताना धरतो आणि वळणावर सोडतो.

फर्स्टच्या खेळांत हवेच्या वस्तू २०११ च्या आधीही आल्या होत्या आणि नंतरही. १९९७ आणि २००७ च्या खेळांतही ट्यूबच टांगायच्या होत्या. २०२३ च्या खेळात तर पिवळे शंकू आणि हवा भरलेले जांभळे घन असे दोन्ही आले, आणि एकाच हाताने दोघे उचलता येतील का हा प्रश्न उभा राहिला. घन सहज दबतो, शंकू तितका दबत नाही आणि निमुळता असतो. अशा वेळी मऊपणा दोघांत वाटावा लागतो : रोलरवर लवचिक चाके बसवायची, म्हणजे शंकूसाठी चाक दबेल आणि घनासाठी घन. पाचव्या प्रकरणात ही वाटणी आकड्यांत कशी मांडायची ते आहे.

मराठी वाचकाला हे जग दूरचे वाटू नये. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन ही महाविद्यालयीन स्पर्धा २००८ आणि २०१४ मध्ये पुण्यात झाली, आणि २००८ चा खेळ दहीहंडीवरच बेतलेला होता. त्या स्पर्धेने आपल्याकडच्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत ग्रिपर बनवणारी मुले तयार केली. २०१७ मध्ये तोक्योत झालेल्या खेळात चकत्या फेकून हवेचे मोठे चेंडू खाली पाडायचे होते. आता मुंबई-पुण्यातले शालेय संघही अशा स्पर्धांत उतरतात. या मुलांशी झालेल्या चर्चांतून हे पुस्तक लिहिण्याची निकड जाणवली. त्यांच्याकडे कौशल्य भरपूर आहे. आपला ग्रिपर का चालला हे सांगणारी भाषा मात्र मराठीत त्यांच्या हाती फारशी नाही.

खेळाबाहेरही या विषयाला मोठे रान आहे. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत नायट्रोजन भरलेल्या पुड्या खोक्यांत रचणे हे हवा भरलेली वस्तू उचलण्याचेच काम. २०१५ मध्ये ॲमेझॉनने सिएटलला भरवलेल्या स्पर्धेत कपाटातून नाना तऱ्हेच्या वस्तू काढायच्या होत्या. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठाचा संघ व्हॅक्यूम क्लीनरची नळी वापरून जिंकला. शेतमालातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. टोमॅटो किंवा द्राक्ष ताठ राहते ते पेशींतल्या पाण्याच्या दाबाने. पिकताना तो दाब आणि पेशीभित्तींचा ताठपणा दोन्ही उतरतात. म्हणून ट्यूबवर शिकलेला दाब आणि क्षेत्रफळाचा हिशेब फळापाशीही उपयोगी पडतो, पण जपून. नाशिकच्या द्राक्षावरचा मेणचट पांढरट थर खरेदीदाराला शाबूत हवा असतो. ट्यूब सहज गिळणारा रबरी रोलर तो थर पहिल्याच फेरीत पुसून टाकील. जो गुण एका वस्तूपाशी कामाला येतो तोच दुसरीपाशी दोष ठरतो, आणि हे आधी ओळखणे हेच या शास्त्राचे काम.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिली तीन प्रकरणे वस्तूची आहेत : पडदा, दाब, घर्षण, सुरकुत्या. चौथ्यापासून सातव्यापर्यंत हात येतो : चिमटे, विळखे, कप, रोलर आणि मऊ हात. आठवे प्रकरण सोडण्याचे आहे. शेवटची दोन प्रकरणे मोजमाप आणि नियंत्रणाची. अकरावीपर्यंतचे भौतिकशास्त्र झालेल्या वाचकाला पहिली पाच प्रकरणे अडू नयेत. पुढे थोडे कलन लागते, तिथे आधीच सूचना दिली आहे. कार्यशाळेत काम करणाऱ्याने समीकरणे ओलांडून आकृत्या आणि तक्ते वाचले तरी धागा तुटणार नाही. ग्रिपर, रोलर, मोटर, सेन्सर हे शब्द कार्यशाळेत जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. ज्या विद्यार्थ्यांनी आपले मोडलेले जबडे आणि फाटलेल्या ट्यूब अभ्यासासाठी माझ्या हवाली केल्या, त्यांचा मी ऋणी आहे. चाललेल्या यंत्रापेक्षा त्यांतून अधिक शिकायला मिळाले.

विषय पुरा झाला आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. सुरकुती कुठे पडेल आणि ती पकडीखाली सरकेल की नाही, हे आधी सांगणे अजून कठीण आहे. मोठ्या वेगाने झुलणारी हलकी वस्तू हवेत कशी वागेल याचा हिशेब यंत्रमानवाच्या छोट्या संगणकावर वेळेत बसवणेही सोपे नाही. एक वाट मला विशेष आशेची वाटते. पट्ट्याचे क्षेत्रफळ अंतरावरून कळते, आणि जोराचा अंदाज मोटरच्या प्रवाहावरून येतो. दोघांच्या भागाकारातून वस्तूच्या आतला दाब निघतो. म्हणजे ग्रिपर धरता धरता मोजूही शकतो : ही ट्यूब सैल आहे, हे फळ पिकले आहे, या पुडीत हवा कमी भरली आहे. धरण्याचे यंत्र आणि तपासण्याचे यंत्र एकच करता आले तर पॅकिंगच्या रांगेतला एक टप्पाच गळून पडेल. ही वाट चालायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

पहिले प्रकरण उघडण्याआधी एवढे करावे. एक ट्यूब, दोन फळ्या आणि एक ताणकाटा घ्यावा. ट्यूब फळ्यांमध्ये थोडी थोडी दाबत न्यावी, प्रत्येक वेळी अंतर आणि जोर लिहून ठेवावा आणि आलेखकागदावर बिंदू मांडावेत. बऱ्याच अंतरापर्यंत ते एका सरळ रेषेत येतील, मग रेषा वर वळू लागेल, कारण तिथून आतल्या हवेला जायला जागा उरत नाही. सरळ भागाचे कारण वर सांगितलेच आहे. वळलेल्या भागाचे कारण आकड्यांत मांडायला तिसरे प्रकरण लागेल, आणि ते वाचताना हा कागद शेजारी असू द्यावा.